भट्टीवरचा घाम

न घडलेल्या गोष्टी मी आजवर इतक्या सांगितल्यात, की घडलेली एखादी सांगायची वेळ आली की माझीच जीभ अडते. जळगावच्या पिंप्राळ्यात माझं मोटारी भरायचं दुकान आहे. विहिरीवरची, बोअरवरची मोटार जळाली की ती माझ्याकडे येते, मी आतली तार काढून नवी भरून देतो. आणि तार भरता भरता गप्पाही भरतो. शिरपूरकडे एकदा मोटार काढायला गेलो तेव्हा विहिरीत बिबट्या बसलेला होता आणि मी त्याला नुसता पाना दाखवून गप्प केला, ही गोष्ट अर्ध्या जळगावला पाठ आहे. बिबट्या नव्हता. मांजर होतं. तेही विहिरीत नव्हतं, काठावर होतं. आणि ते मुळात गप्पच होतं.

असलं सगळं मी हसत हसत कबूल करतो. लोकही हसतात, पुन्हा चहा मागवतात. पण एक गोष्ट आहे — ती मी कुणालाच सांगितलेली नाही. माझ्या बायकोला, मंगलालाही नाही, जिला माझ्या पोटातलं सगळं माझ्या आधी कळतं. तुम्हालाच का सांगतोय? तुम्ही माझ्या गल्लीत राहत नाही, हे एक कारण असेल. दुसरं मला सापडलेलं नाही.

आमच्या भिंतीला भिंत लागून युवराज राहतो. विजेच्या ऑफिसात कारकून. मूळचा सोनगीरकडचा, म्हणजे घरात अहिराणी, ऑफिसात पुस्तकातली मराठी आणि माझ्याशी दोन्हींची मिसळ. वयाने माझ्याहून पाच-सहा वर्षं लहान, वजनाने माझ्याहून एक वासरू जास्त. स्वभाव असा, की रिक्षात बसताना रिक्षावाल्याला विचारणार — तुम्हाला उशीर तर नाही ना होत? मला तो भाऊ म्हणतो. नुसतं म्हणत नाही, मानतो.

तीन-चार हिवाळ्यांमागे, दिवाळीचा फराळ संपता संपता, आम्हा दोघांचीही साखर वाढलेली निघाली. माझी थोडी, त्याची बरीच. डॉक्टरांनी त्याला सरळ सांगितलं, संक्रांतीपर्यंत रोज पळून घाम काढा, वजन उतरवा, मग पुन्हा रक्त तपासू. आणि मग हे सोडायचं नाही. सोडलंत तर सुई. रोजची, पोटात. युवराजचा चेहरा तिथेच पांढरा झाला. हा माणूस डोळे मिटून, दोन्ही मुठी आवळून रक्त काढून देतो, नर्सला वाटतं याला फिट येतेय. दवाखान्यातून बाहेर आल्यावर पायऱ्यांवरच तो मला म्हणाला, "भाऊ, काहीबी करसू, पन सुई नको." काहीही करीन. मी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणालो, मी आहे ना सोबत.

हे वाक्य लक्षात असू द्या. मी म्हणालो होतो, कुणी माझ्या तोंडून वदवून घेतलं नव्हतं.

पळायची रीत त्यानेच बसवली. डॉक्टर म्हणाले होते, एकदम पळू नका, थोडं पळा, थोडं चाला. आता थोडं म्हणजे किती? विजेच्या ऑफिसातला माणूस — त्याने खांब धरले. कॉलनीच्या कमानीपासून सावखेड्याच्या रस्त्याला लागलं की दिव्यांचे खांब एका ओळीत जातात, थेट मारुतीच्या देवळापर्यंत. एक खांब पळायचं, दोन खांब चालायचं. आठवड्याने दोन खांब पळायचं, एक चालायचं. शेवटी एक दिवस कमानीपासून मारुतीपर्यंत न थांबता. एवढंच त्याला हवं होतं. शर्यत नको, बक्षीस नको. मारुतीपर्यंत न थांबता गेलो की सुई टळली, असं त्याने मनाशी पक्कं केलं होतं.

पहिले काही दिवस आम्ही खरंच सोबत पळालो. आमची जोडी पाहून रस्त्यातली म्हैस बाजूला व्हायची, आणि ती आदराने होत नव्हती. डेअरीवर दुधाला उभे असलेले लोक ओरडायचे, "काय भाऊ, पोलीसभरती का? तुमच्या वयात तर फौजदारच करतील डायरेक्ट!" मला अशा बोलण्याने मूठभर मांस चढतं. मी उलट ओरडायचो, भरती नाही, बढती! पण युवराज मान खाली घालायचा. तिसऱ्या की चौथ्या दिवशी तो म्हणाला, आपण हे बंद करू, लोक हसतात. मी म्हणालो, हसू दे, मी आहे ना. तो पुन्हा आला.

आणि मग थंडी पडली.

जळगावच्या थंडीबद्दल बाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही. त्याला आमचा मे महिनाच माहीत असतो. पण देवाने आमच्या गावाला पंखा दिला तो रेग्युलेटर बिघडलेला. एकतर बंद नाहीतर पाचावर, मधला आकडाच नाही. त्या हिवाळ्यात आमच्या गल्लीतली कुत्री अनोळखी माणसावर भुंकायचं सोडून नुसती मान हलवून ओळख दाखवायची. मंगलाचं खोबरेल तेल बाटलीत असं बसलं की ते संक्रांत करूनच उठलं. पहाटे गोधडीतून एक पाय बाहेर काढला की तो पाय मला विचारायचा — काय गुन्हा केला मी?

हे थोडं वाढवून सांगितलं. पण थंडी होती. आणि मी पळायचं सोडून दिलं. कारण? थंडी वाजत होती, एवढंच. दुसरं काही नाही.

फक्त सोडलं असं म्हणता येईना. मीच त्याला पाठीवर थाप मारून उभा केलेला. मी आहे ना, मी आहे ना असं दोनदा म्हणून झालेलं. आणि मंगलाने माझ्या नावाने मेथीचे लाडू बंद करून ठेवलेले, पळालात तर एक मिळेल. मग मी युवराजला सांगितलं, अरे, माझा वेग आता वाढलाय, तू माझ्यासोबत पळशील तर तुझा दम जाईल. मी जरा आधी निघत जाईन, तू तुझ्या चालीने मागून ये. तो म्हणाला, "बरोबर शे भाऊ. मन्हामुळे तुमना कशाले खोळंबा?" माझ्यामुळे तुमचा खोळंबा नको. बघा, म्हणजे माफीही त्यानेच मागितली.

मी आधी निघायचो, हे खरं. पळायचो मात्र नाही. मारुतीच्या थोडं अलीकडे, रस्त्याला लागून रघुनाथ आबांची भरताची भट्टी आहे. हिवाळ्यात आमच्याकडे भरताशिवाय कुणाचं पान हलत नाही. शेतात भरीत, टेरेसवर भरीत, वाढदिवसाला केक कापायच्या आधी भरीत. आबा भल्या पहाटे कापसाच्या वाळलेल्या काड्या पेटवतात, त्यावर ती भली मोठी हिरवी वांगी भाजतात, सोलतात, लाकडी काठवटीत ठेचतात, आणि ऊन पडायच्या आत डबे भरून हॉटेलांना रवाना. त्या जाळाजवळ मी बसायचो. एका बाजूला काड्यांचा ढीग, माझ्याहून उंच. त्याच्या आडोशाला एक उलटं घमेलं, ते माझं सिंहासन. हात शेकायचे, आबांना मी गप्पा पुरवायच्या, त्यांनी मला गरम वांग्याचा गर हिरव्या मिरचीसोबत.

आणि त्या जाळाने मला घाम यायचा! कपाळावर, मानेवर, स्वेटर काढून हातात घ्यावा लागेल असा. असा घाम मला पळून कधी आला नव्हता. मी तसाच घरी. मंगला दार उघडायची, माझ्याकडे बघायची आणि लाडू काढायची. अंगाला वांग्याचा धूर यायचा, पण त्या दिवसांत जळगावात कुणाच्या अंगाला वांग्याचा धूर येत नाही? कलेक्टरच्या फायलींनाही येत असेल.

हसलात? हसा. हा भाग हसण्यासारखाच आहे. मी हा भाग तुम्हाला रंगवून सांगितला, कारण मला पुढच्या भागाकडे जायचं नाहीये. — जातो.

युवराज रोज संध्याकाळी ऑफिसातून सुटला की माझ्या दुकानाच्या बाकावर येऊन बसायचा आणि किती खांब झाले ते सांगायचा. आणि मी माझे सांगायचो. मी थांबतच नाही, मी मारुतीला वळसा घालतो, मी पाटापर्यंत जातो, मी पाट ओलांडतो. दिवसागणिक मी लांब जात होतो. आणखी एखादा महिना असतो तर सातपुड्याला हात लावून परत आलो असतो. तो ऐकायचा आणि म्हणायचा, "भाऊ, तुम्ही ते वाघ शेतस." तुम्ही तर वाघ आहात. त्याच्या आवाजात जरासुद्धा टोमणा नसायचा. टोमणा असता तर बरं झालं असतं का? माहीत नाही.

आता हे समजून घ्या. मी रोज भट्टीजवळ बसायचो आणि युवराज रोज त्याच रस्त्याने यायचा. म्हणजे मला लपावं लागायचं. रस्ता सरळ, सपाट. भट्टीपासून पार कमानीचा दिवा दिसतो. तो एका दिव्याखाली उजेडात यायचा, पुढे अंधारात जायचा, पुढच्या दिव्याखाली पुन्हा दिसायचा. माकडटोपी, मफलर, पोटावर ताणलेला ऑफिसचा जुना स्वेटर. मी काड्यांच्या ढिगाआडून नजर ठेवायचो, म्हणजे तो जवळ आला की खाली वाकता यावं. म्हणून त्याचं पळणं मला पाठ झालं होतं. कुठल्या खांबाला त्याचा वेग पडायला लागतो, कुठे थांबून कमरेवर हात ठेवतो, कुठे पुन्हा उचलतो. त्याचं पळणं जगात कुणी इतकं निरखून पाहिलं नसेल. लपणाऱ्यालाच असं दिसतं.

एका सकाळी — मकर संक्रांत जवळ आली होती, तिळाचे भाव पेपरात येऊ लागले होते — मी पाहिलं की तो नेहमीच्या खांबाला थांबला नाही. मला वाटलं, पुढच्याला थांबेल. पुढच्यालाही नाही. वेग काही नव्हता. एखादी म्हातारी बाई त्याला ओलांडून गेली असती. पण थांबत नव्हता. एक खांब, अंधार, दुसरा खांब. तोंडातून वाफ निघत होती, चपटे पाय रस्त्यावर आपटत होते. मी घमेल्यावरून उठून उभाच राहिलो. लपायचं विसरलो. मनातल्या मनात मीच म्हणत होतो, चल, चल, आता सोडू नको. — हे खरं आहे. मी मनातून त्याच्यासोबत होतो. आणि तो जवळ आला तसा मी खाली वाकलो.

तो भट्टीसमोरून गेला. मारुतीच्या पायरीला हात लावला, वाकून बराच वेळ धापा टाकल्या. मग ताठ उभा राहिला आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहिलं. काय शोधत होता, ते मला लगेच कळलं. कुणी पाहिलं का, ते बघत होता.

रघुनाथ आबा चिमट्याने वांगं फिरवत म्हणाले, "मोटारवाले, हाक मारा ना. तुमच्या कॉलनीतलाच दिसतो."

मी म्हणालो, "नाही आबा. ओळखीचा नाही."

ही माझी चूक, असं मी आजवर स्वतःला सांगत आलो. ओळख नाकारली, एवढीच. पण ही ती नव्हे. अजून थोडं थांबा.

संध्याकाळी तो दुकानात आला तेव्हा पंपाचं गिऱ्हाईक होतं, डेअरीवाला होता, आणखी दोघं-तिघं चहाला टेकलेले. युवराज कधी लोकांत बोलत नाही. त्या दिवशी बाकावर बसायच्या आधीच बोलला. "भाऊ, आज मी थांबनू नही. कमानपाशीन मारुतीलगून. येक डाव भी थांबनू नही." कमानीपासून मारुतीपर्यंत, एकदाही न थांबता.

डेअरीवाला म्हणाला, "युवराज, खांब मोजले का? का तुमच्या ऑफिसातल्या बिलासारखं अंदाजे टाकलं?"

दुकान हसलं. युवराजही हसला, पण त्याने माझ्याकडे पाहिलं. "भाऊ त्याच वखतले रस्तावर ऱ्हातस ना. भाऊ, तुम्ही देखं व्हई माले?" तुम्ही मला पाहिलं असेल ना?

सगळे माझ्याकडे बघू लागले. काय बोलायचं होतं? पाहिलं, एवढंच. खरं होतं, आणि त्याला तेवढंच हवं होतं. पण पाहिलं म्हटलं की कुठून पाहिलंत हे आलं. त्याने दोन्ही बाजूंना बघितलं होतं, रस्ता रिकामा होता. डेअरीवाला पुढचं विचारणारच होता, त्याचा स्वभाव मला माहीत. माझा वाघ तिथेच काड्यांच्या ढिगाआडून बाहेर पडला असता, उलट्या घमेल्यासकट.

मी म्हणालो, "मारुती? मारुतीपर्यंत तर माझं अंग गरम होतं रे, पळणं तिथून पुढे." लोक हसले.

एवढ्यावर थांबलो असतो तर ही गोष्ट मी दुकानात कधीच सांगून मोकळा झालो असतो. पण हसलेल्या लोकांपुढे मला थांबता येत नाही. मी पुढे म्हणालो — हे लिहायला मला दोनदा उठून पाणी प्यावं लागलं — मी म्हणालो, "आणि पाहिलं ना तुला. परतताना शेतातून आलो मी, लांबून दिसलास. निम्म्या वाटेवर चालत होतास की, लेका."

युवराज चिडेल, म्हणेल, नाही भाऊ, मी चाललो नाही — मी त्याची वाट बघत होतो. मी काहीतरी बोलून ते गमतीत घालवलं असतं. पण तो आठवू लागला. कपाळाला आठ्या घालून, जमिनीकडे बघत, तो खरोखर सकाळची वाट आठवू लागला. आणि म्हणाला, "व्हई भाऊ. मन्हं ध्यान नसई."

असेल. माझं लक्ष नसेल. स्वतःच्या पायांपेक्षा त्याने माझ्यावर विश्वास ठेवला.

त्यानंतर दोन सकाळी तो आला. पहिल्या दिवशी थोडा पळाला, दुसऱ्या दिवशी सबंध रस्ता चालला. तिसऱ्या दिवशी आलाच नाही. मी जाळापाशी बसलो होतो आणि मला काय वाटलं सांगू? सुटलो वाटलं. आता वाकायला नको.

संक्रांतीनंतर रक्त तपासलं. त्याची साखर उतरली होती. डॉक्टर खूश, म्हणाले, असंच चालू ठेवा. त्याने ठेवलं नाही. मंगला त्याच्या बायकोला ओट्यावर विचारत होती, भावजी पळायचे का हो बंद झाले? तो आतूनच म्हणाला, "मनाघाई नही व्हत, वहिनी. ते भाऊसनं काम शे." माझ्याच्याने होत नाही, ते भाऊंचं काम. मंगलाने मला घरात येऊन सांगितलं, बघा, किती मानतो तुम्हाला. मी लाडू खात होतो.

पुढच्या पावसाळ्यात त्याला सुई लागली. माझ्यामुळे लागली असं कुठला डॉक्टर म्हणणार नाही. पळत राहिला असता तरी लागली असती, असंही होऊ शकतं. मी या दोन वाक्यांमध्ये बरेच दिवस राहून पाहिलं. तिथे राहता येत नाही. सुई लागली असती की नसती हे मला माहीत नाही. तो कुठे थांबला होता ते मला माहीत आहे. कुठेच नाही.

गेल्या महिन्यात त्याच्या पुतण्याची हळद होती, सोनगीरला. आम्ही दोघं एकाच गाडीवर गेलो. वरणबट्टीची पंगत. जेवणाआधी युवराज मांडवामागे जाऊन सुई टोचून आला, शर्टाची बटणं लावत माझ्या शेजारी बसला. आता तो डोळे मिटत नाही. समोर त्याचा साडू होता, नुकतीच साखर निघालेला, नुकताच पळायला लागलेला. थंडीत कसं जमवायचं ते सगळ्यांना विचारत होता. युवराज हसला.

"आम्ही भी पळनूत एक हिवाळा. पन भाऊसनं येगळं. मी ते मारुतीलगून भी कधी न थांबता गऊ नही. माले एक दिन वाटनं, गऊ म्हनीसन. बठ्ठासले सांगत फिरनू. पन भाऊनी देखं व्हतं ना, निम्मा रस्ता मी चालीच ऱ्हायंथू!" न थांबता गेलो असं एक दिवस वाटलं, सगळ्यांना सांगत फिरलो, पण भाऊंनी पाहिलं होतं ना, निम्मा रस्ता मी चालतच होतो.

सगळी पंगत हसली. स्वतःवरचा विनोद होता, आणि त्याने तो छान सांगितला. मी सांगतो तसा, थांबून, शेवटचा शब्द ओढून. माझ्याकडूनच शिकला असेल. मग तो माझ्याकडे वळला. "नही का भाऊ?"

साडू माझ्याकडे बघत होता. युवराज हसत होता.

"हो," मी म्हणालो. "चालतच होता."

मग वाढपी आला. वरण आलं, तूप आलं. मी जेवलो. चार बट्ट्या खाल्ल्या. हा आकडा वाढवून सांगितलेला नाही.